खुडूक कोंबडीखाली पिल्लं काढायची तर

गावाकडे घर बांधलं, परसात चार कोंबड्या सोडल्या आणि एक दिवस त्यातली एक खुराड्यातून उठायचं नावच घेईना. हात घातला तर पिसं फुलवून गुरगुरते, टोचते. आजारी आहे असं समजून नवखी माणसं तिला औषध पाजायला धावतात. तिला काही झालेलं नसतं, ती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसलेली असते. पिल्लं हवी असतील तर हीच संधी. यंत्र नको, बल्ब नको, वीज गेली तरी चिंता नको. २१ दिवस ती अंडी उबवील आणि पुढचे दीड-दोन महिने पिल्लं सांभाळील.

एक गोष्ट आधीच सांगतो. अंडी उबवण्यात नवख्याचं फारसं नुकसान होत नाही, कारण ते काम कोंबडीचं असतं. नुकसान होतं ते पिल्लं बाहेर पडल्यावर, पहिल्या महिन्यात. दहा पिल्लं निघाली म्हणून गावभर सांगावं आणि महिन्याने तीनच उरावीत, हे घरोघर घडतं. त्यामुळे या लेखात उबवणीपेक्षा पुढच्या भागावर जास्त लिहिलं आहे.

खरंच खुडूक आहे का, ते आधी बघा

दिवसा थोडा वेळ अंड्यांवर बसली म्हणजे खुडूक झाली असं नाही. रात्री काठीवर झोपायला न जाता ती अंड्यांच्या जागीच बसून राहिली, सलग दोन-तीन रात्री, तर खरं. आणखी खुणा आहेत. अंडी देणं बंद होतं, तुरा फिकट पडतो, आवाज बदलतो आणि पोटाखालची पिसं गळून तिथे उघडी, गरम कातडी दिसते. ती कातडी थेट अंड्यांना लागते आणि ऊब त्यातूनच मिळते. दिवसातून एकदा उठते, घाईघाईने खाते-पिते, धुळीत लोळते, एकदाच भलीमोठी घाण वासाची विष्ठा टाकते आणि परत जाऊन बसते. त्या विष्ठेला घाबरू नका, दिवसभराचं साठलेलं असतं ते.

सगळ्याच कोंबड्या बसत नाहीत. अंड्यांच्या धंद्यासाठी तयार केलेल्या लेगहॉर्नसारख्या जातींमधून ही सवय निवडीनेच काढून टाकली आहे. वनराजा, गिरिराजा या सुधारित जातींवरही विसंबू नका. झाबुआकडची कडकनाथ तर याबाबतीत आळशीच, तिची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली ठेवावी लागतात. बसायला आपली गावरान खरी. असील जातीची कोंबडीही उत्तम आई असते, फक्त वजनदार असल्यामुळे पातळ कवचाची अंडी तिच्याखाली फुटू शकतात.

पहिल्यांदाच अंडी घातलेल्या तलंगेला भरवशाचं समजू नका. ती दहाव्या दिवशी कंटाळून उठून जाऊ शकते. पर्याय नसेल तर तिच्याखाली पाच-सहाच अंडी ठेवा.

अंडी कुठली, किती

दुकानातली अंडी उबणार नाहीत. पोल्ट्रीत कोंबडाच नसतो, त्यामुळे ती फलित नसतात. कवच तपकिरी असलं म्हणजे अंडं गावरान होत नाही, हेही लक्षात असू द्या. अंडी हवीत ती कोंबडा फिरत असलेल्या कळपातली. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. नवा कोंबडा आणला असेल तर आठवडाभर थांबून मग अंडी जमवायला लागा.

मध्यम आकाराची, गुळगुळीत, नीट आकाराची अंडी निवडा. फार मोठं, फार लहान, खडबडीत, तडा गेलेलं, विष्ठेने माखलेलं अंडं स्वयंपाकघरात जाऊ दे. धुऊ मात्र नका. अंड्यावर एक पातळ नैसर्गिक थर असतो, तो पाण्याने निघून जातो आणि मग छिद्रांतून जंतू आत शिरतात. थोडी माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा.

साठवण हा महत्त्वाचा मुद्दा आहे. थंडीत सात दिवसांपर्यंतची अंडी चालतात, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनी नकोत. साधारण २०-२१ अंशांच्या वर गर्भ आतल्या आत हळूहळू वाढायला लागतो आणि मग अर्धवट वाढून मरतो. फ्रिजही नको, तो फार थंड. जुनी रीत चांगली आहे: ओल्या वाळूवर मडकं ठेवायचं, मडक्यात थोडं भात (न सडलेलं, सालासकट) किंवा तूस घालून त्यात अंडी टोकदार बाजू खाली करून उभी ठेवायची, वरून ओलसर फडकं झाकायचं. रोज एकदा अंडी हलकेच कलती करायची, म्हणजे बलक एका बाजूला चिकटत नाही.

आता किती? इथे हाव नडते. मध्यम गावरान कोंबडीखाली थंडीत दहा ते बारा, लहान चणीची असेल तर आठ-नऊ. पंधरा ठेवली तर पंधरा पिल्लं निघत नाहीत. कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीने अंडी उलटवते आणि कडेची मधे, मधली कडेला सरकवते. पंखाबाहेर राहिलेली तीन अंडी आज थंड होतात, उद्या दुसरी तीन. म्हणजे जास्तीची तीन वाया जातात असं नसून सगळीच रवण, म्हणजे एका वेळी बसवलेली सगळी अंडी, बिघडते.

सगळी अंडी एकाच वेळी ठेवा. आज सहा, परवा चार असं केलं तर पहिली पिल्लं निघाली की दोन दिवसांत आई त्यांना घेऊन उठते आणि मागची अंडी तशीच थंड पडतात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने ठळक फुली मारा. दुसऱ्या कोंबड्या त्याच जागी येऊन अंडी घालतात, फुली नसलेलं अंडं संध्याकाळी उचलून घ्यायचं.

जागा आणि बसवण

ऋतूचा विचार आधी. महाराष्ट्रात दिवाळीपासून माघापर्यंत बसवलेली कोंबडी सर्वांत चांगली. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात अंडी आतून शिजल्यासारखी खराब होतात, आणि कोकणातल्या आषाढात पिल्लं निघाली तरी ओलीने मरतात. पावसाळ्यात कोंबडी खुडूक झालीच तर कोरडी पडवी किंवा गोठ्याचा कोपरा आहे का ते बघा, नसेल तर या खेपेला सोडून द्या.

बांबूची टोपली घ्या, फूट-सव्वा फूट रुंद, कोंबडीला अंगभर बसता येईल इतकी आणि फार खोल नको. खोल टोपलीत ती उडी मारून आत उतरते आणि अंडी फोडते. तळाशी दोन बोटं माती, त्यावर चुलीची चाळलेली राख, वर भाताचा कोरडा पेंढा दाबून बशीसारखा खळगा करा. राखेने पिसवा-उवा कमी होतात. वाळलेला कडुलिंबाचा पाला घातला तरी चालतो. अनेक घरांत टोपलीत लोखंडाचा तुकडा आणि कोळसा ठेवतात, विजेच्या गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. ते ठेवल्याने काही बिघडत नाही, घरातल्या म्हाताऱ्यांनी ठेवलं तर ठेवू द्या.

बसवण्याआधी कोंबडीची पिसं उलटी करून बघा. पंखाखाली, शेपटीच्या मुळाशी, मानेवर. पिसवा झालेली कोंबडी २१ दिवस एका जागी बसली तर त्या तिचं रक्त पितात आणि ती अंडी सोडून उठते. बाहेरच्या पिसवांवर पावडर येते, पण ती अंडी ठेवायच्या आधी दोन-तीन दिवस लावा आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारून लावा.

टोपली अर्धवट अंधारात, वर्दळ नसलेल्या जागी, कुत्र्या-मांजराच्या आणि घुशीच्या वाटेबाहेर ठेवा. बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी. कोंबडीला नव्या जागी न्यायचं ते रात्रीच. दिवसा नेली तर ती पळून जुन्या जागी जाऊन रिकाम्या पेंढ्यावर बसेल. आधी दुकानातली दोन-तीन अंडी खाली ठेवा. दुसऱ्या दिवशी शांत बसून राहिली की त्या रात्री ती काढून खरी अंडी एकेक करून तिच्या छातीखाली सरकवा. तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा, नाहीतर आठवड्याने घरात वाद होतो.

ते २१ दिवस

तिला सोडून द्या, हाच इथला मुख्य नियम. रोज उचलून बघणं, पाहुण्यांना दाखवणं, पोरांनी हात घालणं बंद.

तुमचं काम इतकंच: टोपलीपासून दोन हातांवर पाण्याचं जड भांडं आणि एका ताटलीत धान्य. ज्वारी, मका, भात, गहू जे असेल ते. या दिवसांत ती फार कमी खाते आणि वजनाने उतरते, ते स्वाभाविक आहे. रोज १५-२० मिनिटं ती उठायला हवी. काही कोंबड्या इतक्या हट्टी की उठतच नाहीत. अशा वेळी सकाळी तिला हलकेच उचलून दाण्यापाशी ठेवा. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना ते चाचपा, नाहीतर ते पडून फुटतं. अर्ध्या तासाच्या आत परत आली की अंड्यांना काही होत नाही. जवळ कोरडी माती आणि राख असेल तर ती त्यात लोळेल.

सातव्या-आठव्या रात्री अंडी तपासा. खोली अंधारी करा, मोबाईलच्या टॉर्चवर मूठ धरून फट ठेवा आणि अंड्याचा जाड भाग त्यावर टेकवा. आत कोळ्यासारखा काळा ठिपका आणि चहूकडे लाल शिरा दिसल्या तर जिवंत. नुसतं उजळ दिसलं तर फलित नाही. शिरांऐवजी लाल कडं दिसलं तर गर्भ मेलेला. उजळ आणि मेलेली दोन्ही काढून टाका. नासलेलं अंडं खाली फुटलं तर त्याच्या घाणीने शेजारची अंडी जातात. पांढऱ्या कवचात हे स्वच्छ दिसतं, तपकिरी कवचात शंका राहते. शंका असेल तर ठेवा आणि चौदाव्या दिवशी पुन्हा बघा. तेव्हा जिवंत अंडं वरची हवेची पोकळी सोडून सगळं काळं दिसतं.

अठराव्या दिवसापासून हात लावायचा नाही. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी अंडी कोमट पाण्यात सोडून हलतात का ते बघायची एक पद्धत आहे. करू नका. कवचाला बारीक भेग गेली असेल तर आतलं पिल्लू बुडून मरतं. उन्हाळ्यात हवा अगदी कोरडी असेल तर टोपलीखालच्या जमिनीवर पाणी शिंपडा, तेवढं पुरे.

शेवटच्या एक-दोन दिवसांत पिल्लं आतून चिवचिवतात आणि आई हळू आवाजात उत्तर देते. मग कवचाला टोचा पडतो. टोचा पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात आणि इथेच माणसाचा धीर सुटतो. कवच सोलून मदत करू नका. त्या वेळात पिल्लू आतल्या पडद्यातलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. घाईने सोललं तर रक्तस्राव होतो. पोटात घेतलेल्या त्या बलकावर ते दोन दिवस काही न खाता राहू शकतं, म्हणून आई उठली नाही तरी पिल्लं उपाशी मरत नाहीत.

रिकामी टरफलं काढत जा, ती न फुटलेल्या अंड्यांवर टोपीसारखी बसतात. तेवीसाव्या दिवशीही न फुटलेलं अंडं लांब नेऊन पुरून टाका. घरामागे फेकलं तर कुत्री आणि मुंगसं त्या वासाने यायला लागतात.

पहिला महिना: खरी परीक्षा

पहिले दोन-तीन दिवस आई आणि पिल्लं डालग्याखालीच, म्हणजे पालथ्या घातलेल्या बांबूच्या टोपलीखालीच, ठेवा. जमीन कोरडी हवी. खाली तूस किंवा पोतं पसरा. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात आणि मग ती लंगडी होतात.

पाणी सर्वांत आधी. पसरट ताटलीत पाणी घाला आणि त्यात खडे ठेवा. खडे नसतील तर पिल्लं पाण्यात उतरतात, भिजतात, गारठतात, बुडतात. बोटभर खोल पाणीसुद्धा पुरतं त्याला. पाणी दिवसातून दोनदा बदला.

खाण्याला परंपरेने तांदळाची कणी देतात. पहिल्या दिवसाला ठीक, पण नुसत्या कणीवर पिल्लं वाढत नाहीत, पंखांची पिसंसुद्धा नीट येत नाहीत. त्यांना २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. बाजारात पिल्लांसाठीचं ‘चिक स्टार्टर’ मिळतं, ते सर्वांत सोपं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं ‘लेयर’ खाद्य मात्र पिल्लांना देऊ नका. त्यातल्या जादा चुन्याने त्यांचे मूत्रपिंड बिघडतात. आईने पिल्लांचं खाद्य खाल्लं तर चालतं, ती आता अंडी देत नाही. पण खर्च वाचवायचा असेल तर डालग्याची एक बाजू विटेवर टेकवा. पिल्लं फटीतून बाहेर येऊन स्टार्टर खातील, आई आत राहून भरडा खाईल.

गावाकडचं स्टार्टर म्हणजे वाळवी. जुन्या मडक्यात ओलं शेण, पाचोळा, पोत्याचा तुकडा भरून संध्याकाळी वाळवीच्या वारुळावर पालथं घालायचं. सकाळी मडकं भरून वाळवी मिळते. पिल्लं तिच्यावर अक्षरशः तुटून पडतात. उकडलेल्या अंड्याचा चुरा, पाण्यात भिजवून कुस्करलेली शेंगदाण्याची पेंड, शेवग्याचा बारीक चिरलेला पाला हेही चांगलं. पेंडीला बुरशी लागलेली नको, त्यातलं विष पिल्लांना लगेच भोवतं. घरातलं खारट उष्टं, लोणचं, पापड, शेव हे परसात टाकू नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऊन पडल्यावर सोडा. सकाळचं दव असताना नको. भिजलेलं पिल्लू आईच्या पंखाखाली शिरतं आणि कोरड्या भावंडांनाही ओलं करतं.

आता शत्रू. दिवसा घार आणि कावळा, संध्याकाळी मांजर आणि मुंगूस, रात्री घूस, साप, रानमांजर. आईने विशिष्ट आवाज दिला की पिल्लं क्षणात झुडपाखाली दडतात, पण परसात झुडूपच नसेल तर तिने काय करावं? अंगण लख्ख झाडून ठेवायची आपली सवय इथे आड येते. करवंदीची जाळी, अबोलीची रांग, सरपणाचा ढीग, चार फांद्या टेकवलेली भिंत, काहीतरी आडोसा राहू द्या. पिल्लांना फिरायच्या जागेवर जुनं मासेमारीचं जाळं ताणलं तर घारीचा प्रश्न जवळजवळ मिटतो. रात्री लाकडी खुराड्याला अर्ध्या इंचाच्या वरची भोकं नकोत. कोंबडीची मोठ्या भोकांची जाळी घुशीला आणि सापाला अडवत नाही.

पहिला महिना आई-पिल्लांना बाकी कळपात रात्री कोंडू नका. इतर कोंबड्या पिल्लांना टोचतात, आणि ती काठीवर चढू शकत नसल्याने वरच्यांची विष्ठा त्यांच्या अंगावर पडते.

यापेक्षा मोठा घात रोग करतात. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की दोन-चार दिवसांत परस रिकामं होतं आणि त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो या रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्याच्या पुढे राणीखेतची आरटूबी सुई, असा साधारण क्रम असतो. तुमच्या भागात काय चालू आहे ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. अडचण अशी की कुपी शंभर-दोनशे मात्रांची असते आणि एकदा द्रावण केलं की दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण फोडणार? म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी लस द्यायची. लस बर्फातून आणा, सकाळी गार वेळी द्या, आजारी पिल्लाला देऊ नका.

दुसरा रोग रक्ती हगवण. तिसऱ्या आठवड्यानंतर, विशेषतः ओल्या जमिनीवर. पिल्लू पंख पाडून डोळे मिटून उभं राहतं आणि विष्ठेत रक्त दिसतं. पाण्यातून द्यायचं औषध मिळतं, डॉक्टरांकडून प्रमाण घेऊन सगळ्याच पिल्लांना द्या, कारण एकाला झालं म्हणजे बाकीच्यांच्या पोटात गेलेलंच असतं. तूस कोरडं ठेवणं, भिजलेलं रोज काढणं आणि पाण्याचं भांडं विटेवर ठेवणं एवढ्यानेही बराच आळा बसतो.

आईपासून वेगळं करताना

चार-पाच आठवड्यांत पिल्लांना पुरती पिसं येतात. सहा ते आठ आठवड्यांत आई स्वतःच त्यांना चोच मारून दूर करायला लागते, रात्री काठीवर जाऊन झोपते आणि तिचा तुरा पुन्हा लाल होतो. म्हणजे ती अंड्यांवर येणार. लवकर अंडी हवी असतील तर थंडी नसताना पाचव्या आठवड्यात पिल्लं वेगळी करता येतात, पण सगळी एकत्रच वेगळी करा. एकट्या पिल्लाला रात्र काढता येत नाही.

कोंबडी खुडूक झाली आणि पिल्लं नकोत, असंही होईल. तिला पाण्यात बुडवणं, नाकपुडीत पीस खुपसणं हे प्रकार अजून चालतात. ते करू नका. खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, पेंढा न घालता, दाणा-पाणी देऊन तीन-चार दिवस उजेडात ठेवा. पोटाची कातडी गार झाली की खूळ उतरतं.

तीन महिन्यांच्या सुमारास नर ओळखू येतात. तुरा मोठा, मानेवरची पिसं टोकदार, आपसात मारामाऱ्या. एकच ठेवा, बाकीच्यांचं गिऱ्हाईक गटारीच्या आठवड्यात दारात येतं. आणि जो ठेवाल तो याच रवणीतल्या माद्यांवर सोडू नका. दुसऱ्या गावातल्या ओळखीच्याशी कोंबड्याची अदलाबदल करून घ्या. नाहीतर दोन-तीन पिढ्यांत अंडी कमी फळतात आणि पिल्लं किरटी निघायला लागतात.